अकरा महिन्यांचा करार

एजंटने विचारलं, पाळीव काही?
म्हटलं, कुत्रा नाही, मांजर नाही.
त्याने रकान्यात रेघ ओढली.
खोटं मी बोलले नव्हते.

सहा वर्षांतलं हे पाचवं घर.
घणसोलीहून कळव्याला, रात्री साडेदहाला,
कारण सोसायटीत सामान उतरवायची वेळ तीच.
गादी, कपाट, शेगडी मागे टेम्पोत.
पुढे, माझ्या मांडीवर
फरसाणाचे चार डबे, झाकणांना सुईने पाडलेली भोकं.

एकात मधाच्या रंगाचा, काडीसारखा बारीक.
एकात हळद जास्त पडलेल्या वरणासारखा.
एकात तांबडी, बोटभरही नाही;
तिच्याशी मी अहोजाहोने बोलते
आणि चिमटा लांबच धरते.
चौथ्यात काळी,
पण उजेडात कलती धरली तर निळी,
गॅरेजसमोर सांडलेल्या ऑइलसारखी.

वर्षाच्या वर पोट वागवलं तिने.
माझ्या करारापेक्षा लांब.
आणि निघायच्या चार दिवस आधी व्याली.

हादरे बसले, घाबरली,
तर आई पिल्लं खाते.
म्हणून म्हटलं, दादा, स्पीडब्रेकरला जरा सावकाश.
काच आहे का ताई?
काच नाही.
मग?
रबाळ्याच्या सिग्नलला सांगून टाकलं.

ड्रायव्हर काही बोलला नाही.
सिग्नल सुटला, मागचा हॉर्न वाजवत राहिला.
मग म्हणाला, माझा आजा विंचू उतरवायचा.
महाडच्या वर, आमच्या वाडीत.
रात्री-बेरात्री माणसं यायची,
तो राख लावायचा, पुटपुटायचा,
सकाळी माणूस चालत घरी.
पैसा घेतला नाही कधी. नारळसुद्धा नाही.

ऐरोली गेली.
बहिणीचा मात्र नाही उतरला, म्हणाला.
तांबडा होता.
सात वर्षांची होती.
आज्याने नंतर कुणाला हात लावला नाही.

मी तिसऱ्या डब्यावर नकळत तळहात ठेवला,
झाकायला की सावरायला, कळलं नाही.
म्हटलं, तुम्हाला नको असेल तर मी इथे उतरते.
तो म्हणाला, सामान कुठं उतरवू तुमचं, रस्त्यात?

दिघ्याच्या पुढे, पारसिकच्या डोंगराखाली
त्याने टेम्पो कडेला घेतला.
दाखवा, म्हणाला.

मी पतपेढीत कॅशियर आहे.
पर्समध्ये नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असतो,
खरी तार त्यात चमकते, खोटी गप्प राहते.
केबिनमधला दिवा बंद केला.
काळीचं झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

नांग्या, पाय, शेपटीचा एकेक मणी,
सगळं हिरवंनिळं पेटलं,
जणू कुणी आतून वात सारली.
फक्त पाठीवर अंधार,
अंधाराचा एक हलता गोळा.

पाठ जळलीय का हिची?
नाही, म्हटलं. ती पिल्लं आहेत.
त्यांना अजून चमकता येत नाही.
पहिली कात टाकतील, कातडी घट्ट होईल,
मग एकेक करून खाली उतरतील आणि पेटतील.
त्यानंतर आई त्यांना ओळखेल
की किडा समजून धरेल, सांगता येत नाही.
तेव्हा वेगळे डबे लागतात.

किती आहेत?
मोजली नाहीत. बावीस धरा.

बावीस, तो म्हणाला,
आणि खूप वेळ बघत राहिला.
तांबडी दाखवू का, मी विचारलं नाही,
त्यानेही मागितली नाही.

कळव्यापर्यंत मग प्रत्येक खड्ड्याला
टेम्पो असा उतरला
जशी बाळंतीण जिना उतरते.

तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवून झालं.
भाडं दिलं, त्याने मोजलं नाही.
दारात थांबून म्हणाला,
पुढच्या वेळी घर बदलाल तेव्हा मलाच सांगा.
नंबर घेतला. धसाडे टेम्पो, एवढंच लिहिलं.

गादी गुंडाळलेलीच ठेवून
आधी रातकिड्यांचा खोका उघडला,
अंड्याच्या ट्रेमध्ये ते वाढवते मी.
नव्या घरात पहिला आवाज त्यांचा झाला.
भिंतीवर आधीच्या भाडेकरूचे सात खिळे.
दिवा लावायच्या आधी
एकदा टॉर्च मारून पाहिलं:
सगळी पाठीवरच होती.