मोठ्यानं मोजायचं नाही

फाटकावरच्या वहीत मी रोज लिहितो :
वाहन क्रमांक – आडवी रेघ,
येण्याचे कारण – गवत,
सोबत – एकशे बेचाळीस.

हा आकडा तोंडातल्या तोंडात ठेवायचा,
मायाप्पा बाणदारनं पहिल्याच दिवशी बजावलं.
"मोठ्यानं मोजलं की कमी हुत्यात."
तो स्वतः मोजतच नाही.
कळप आत शिरला की एकदा नजर फिरवतो
आणि म्हणतो, कानतुटी मागं ऱ्हायली.
ती खरंच ओढ्यापाशी असते.

मी आधी इचलकरंजीला मागावर होतो.
चोवीस वर्षं खडाखड,
उजव्या कानात अजून धोटा पळतो.
इथं काही वाजत नाही.
कागलच्या पुढं माळावर साठ एकर काच,
वीज होते आणि आवाज होत नाही,
याची सवय व्हायला वर्ष गेलं.

सुरुवातीला गवत कापायला मशीन आणलेलं.
पात्यानं खडा उडवला, काच तडकली.
एकदा नाही, सात वेळा.
औषध मारलं तर माती उघडी पडली,
धूळ उठली ती काचांवरच बसली.
मग पुण्याचे साहेब मोबाईलवर काहीतरी बघून आले,
म्हणाले, मेंढ्या. परदेशात चालतात.

मायाप्पाला मी हे सांगितलं
तेव्हा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.
तारेचं कुंपण पडलं त्या साली
याच माळावरनं हाकललेला तो.
आता त्याला पास आहे, फोटोसकट.
फोटोत पटका नाही, काढायला लावला होता;
म्हणून पासवर बघून मी त्याला
अजून ओळखलेलं नाही.

करारात एक कलम आहे : शेळी चालणार नाही.
शेळी चढते, वायर चावते.
त्याची एकच आहे, आई मेलेल्या कोकरांना पाजायला.
ती दिवसभर माझ्या केबिनला बांधलेली.
खुर्चीची गादी तिनं खाल्ली,
वहीचं एक पान खाल्लं.
तेरा तारखेला इथं कोणीच आलं नव्हतं,
कागदोपत्री.

दुपारी मेंढरं काचांखाली बसतात.
काचा उन्हाकडं तोंड करत कलतात, इतक्या सावकाश
की बघत बसलं तर दिसत नाही.
सावली सरकली की मेंढरं न उठता
बूड घासत सरकतात.
अख्खा माळ या कुशीवरून
त्या कुशीवर होतो.

काचा धुतलेलं पाणी ठिबकतं
तिथं गवताची एक बारीक ओळ असते,
बाकी माळ वाळला तरी हिरवी.
ती आधी संपते.

अकराव्या रांगेत एक दगड आहे.
खांब रोवताना कुणीतरी दोन हात बाजूला सरकलं;
नकाशात त्याची नोंद नाही.
मायाप्पा म्हणतो, बिरोबा.
आश्विनात पट्टणकोडोलीहून परतल्यावर
त्यानं तिथं मूठभर भंडारा उधळला.
वारा होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन :
अकरावी रांग, चौथी काच, वीज कमी देतेय.
घाण असेल. पुसून घ्या.

मी बादली घेऊन गेलो.
काच पिवळी, तिच्यात माझं तोंड पिवळं,
पाठीमागचा ढगसुद्धा.
मायाप्पा लांब काठीवर हनुवटी टेकून उभा.
तो काही बोलला नाही.
बोलला असता तर मी कदाचित परत फिरलो असतो,
कदाचित नसतोही; नोकरी आहे.
पाणी ओतलं.
पिवळा ओघळ काचेवरून उतरला
आणि नेमका त्या हिरव्या ओळीत पडला.
कानतुटी आली,
वास घेतला, चरायला लागली.

संध्याकाळी कळप बाहेर पडताना
मी ओठ मिटून मोजत होतो.
नव्वदच्या पुढं कुठंतरी चुकलो.
मायाप्पानं एकदा मागं वळून बघितलं,
"हाय सगळं," म्हणाला.
मी सकाळचाच आकडा लिहिला.
पानावर अंगठा पिवळा उमटला,
अर्धा रकान्यात, अर्धा बाहेर.
शेळी केव्हाची ओरडत होती.
उठून तिला सोडली.