तांबडा दोन, पिवळा वीस

गिरणीच्या गुदामावर पत्र्याच्या तीन खोल्या.
खाली सरकीचे ढीग, वर आम्ही.
अमळनेर, सन त्रेपन्न. दारावर पाटी:
‘संशोधन विभाग. परवानगीशिवाय आत येऊ नये’
आणि पाटीखालून खुशाल आत येणारा
पेंडीचा वास.

माझं काम बाटल्या धुणं.
आधी राख, मग सोडा, मग तीन पाणी;
नळाला बोरीचं पाणी, ते काचेवर डाग ठेवतं,
म्हणून शेवटचं वाफेचं, थंड करून उतरवलेलं.
‘हिलाल, काच दिसली म्हणजे धुतली नाही,’
कुमुदताई झोपे म्हणायच्या. बी.एस्सी.
पांढरा कोट, कोटाच्या खिशात बडीशेप.

यंत्रातून सरकीचं तेल उतरतं ते काळपट,
जिन्याच्या कोपऱ्यात सुकलेल्या
पानाच्या पिंकेच्या रंगाचं.
शेंगदाण्याचं खाणारं माणूस ते तव्यात घालील?
ते उजळ करायचं, एवढंच आमचं संशोधन.
कॉस्टिक कमी पडला तर लाली राहते,
जास्त झाला तर तेलाचाच साबण होऊन तळाशी बसतो
आणि मुनीमजी वर येऊन त्या गाळाकडे
बुडीत खात्याकडे बघावं तसे बघतात.

भंगाळे इंजिनिअर फैजपूरचे, बोलणं मोजकं.
भुसावळहून भंगारात आणलेल्या बॉयलरचं
त्यांनी निर्वात भांडं केलं.
गळती उदबत्तीनं शोधायचे;
धूर जिथं आत ओढला जाई, तिथं खडूची फुली.
त्या उन्हाळ्यात एकशे बारा फुल्या.

आणि डॉक्टर टिपणीस, आमचे साहेब.
त्यांच्या टेबलावर रंग मोजायची लाकडी पेटी.
एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला
तांबड्या-पिवळ्या काचेच्या पट्ट्या.
दोन्ही जुळलं की आकडा वहीत.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
‘तू बघ रे, मला चष्मा बदलायचाय.’
चष्मा बदलला.
तरी मीच बघत राहिलो.
‘तांबडा अकरा, पिवळा पस्तीस.’
ते लिहायचे. मान वहीतच.

एकदा आम्ल मोजायला स्वतः बसले.
थेंब, थेंब. द्रावण गुलाबी झालं की तोटी बंद करायची.
गुलाबी झालं. हात थांबेना.
कुमुदताई खोकल्या.
हात थांबला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.
ताईंना सर्दी नव्हती.

मग ध्यानात आलं, भंगाळ्यांनी व्हॉल्व्हच्या चाकांना
लाल-हिरवा रंग का दिला नाही,
छिन्नीनं आकडे का ठोकले.
कुणी कुणाला काही बोललं नव्हतं.
मीही बोललो नाही, घरीसुद्धा.
बाटल्या तेवढ्या जास्त धुतल्या.

साडेचार वर्षं, दोनशे साठ नमुने,
साहेब रात्री अकरापर्यंत आकडेमोड करत
त्या लालीच्या मागे, जी त्यांनी
कधी पाहिलीच नव्हती.

दोनशे एकसष्टावा. चैत्रातली दुपार, पत्रा तडतडत होता.
मी पेटीला डोळा लावला, पट्टी काढली,
आणखी एक काढली, आणखी एक.
‘काय रे?’
घाईत घरची बोली निसटली:
‘साहेब, दोन शे. तांबडं गयं!’
‘आणि पिवळा?’
‘वीस.’
त्यांनी बाटली उचलून खिडकीशी धरली.
खूप वेळ धरली. बाहेर सुरतेची गाडी जाऊन
रूळ गप्प झाले तरी.
‘हो,’ म्हणाले, ‘दिसतंय.’

संध्याकाळी त्याच तेलात, लॅबच्याच शेगडीवर
भंगाळ्यांनी कांद्याची भजी तळली,
वर मूठभर मिरच्या सोडल्या.
खोलीभर खाट उठला
आणि कुमुदताईंना ठसका लागला, खरा, डोळ्यांत पाणी आणणारा.
साहेबांचा हात
भजं तोंडाशी नेता नेता
जागीच थांबला.