कुत्रा दात धरत नाही

गिअरचा खटका दाबला की अंगठा नुसता आत जातो.
टक नाही, ओढ नाही.
साखळी बसल्या जागी.
ब्याण्णव सालची सायकल, मूठभर शिफ्टर,
तळाला अजून वाचता येतं: जपान.
पहिल्या तीन पगारांतून घेतली होती,
घरच्यांनी विचारलं होतं, शिलाई मशीन का नाही?

धरमपेठेतला पोरगा म्हणाला, फेका मॅडम,
साडेसहाशेत नवीन बसवतो.
मी म्हटलं, बघते.
'बघते' म्हणजे नाही, हे त्याला कळलं.

चार स्क्रू. त्यातला एक रुसलेला.
झाकण निघालं तर आत
पिवळं, घट्ट, तीस उन्हाळे प्यालेलं ग्रीस.
दात दिसेनात, स्प्रिंग दिसेना.
रॉकेल पाहिजे होतं.
रॉकेल आता कुठे मिळतं?
रेशनच्या रांगेबरोबर तेही गेलं.

शालिकरामजी परातेंकडे असेल, कोणीतरी म्हणालं.
गोळीबार चौकामागची गल्ली,
जिथे घराघरातून माग खटखटायचा.
त्यांनी त्यांचा विकला नाही, त्यावर गाद्या रचल्यात.
पलंगाखालून बाटली काढली, बूच हुंगलं,
आणि बाटली हातात ठेवूनच
म्हणाले, दाखवा आधी.
चष्मा कपाळावर ढकलला,
शिफ्टर डोळ्याला भिडवला.

"हा तर कुत्रा होय."
"कुठला कुत्रा?"
"हे दाताचं चाक, अन् हा इवलासा, हा कुत्रा.
आमच्या मागावर असाच राह्यते.
इकडे कापड गुंडाळत जाते, तिकडे कुत्रा दात धरते,
गेलेलं मागं येऊ देत नाई.
तुमचा चावून नाई राहिला.
मेला नाई, बाई. तोंड चिकटलं त्याचं."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर, तापल्या लादीवर,
उघडा शिफ्टर ताटात ठेवून दिला,
शेजारी वाळत घातलेल्या कुरड्या.
सत्तेचाळीस अंश.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
नागपूरच्या उन्हाला मी कामाला लावलं.
सांजेपर्यंत ग्रीस ढिलं पडून
ताटाच्या कडेला येऊन बसलं होतं.

मग रॉकेल, जुना टूथब्रश,
काडीला गुंडाळलेला कापूस, फटीफटीतून.
सात दात. मोजले.
मोजता मोजता एक स्प्रिंग उडाली.
अर्धा तास फरशीला गाल टेकून
मी कपाटाखालचं जग पाहिलं:
एक टिकली, दोन वाटाणे,
दोन हजार सहाची विजेच्या बिलाची पावती.
स्प्रिंग माझ्याच केसांत होती.

ग्रीस पुन्हा नको, त्यानंच तर तोंड बांधलं होतं.
शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब.
(मशीनही शेवटी आलंच होतं घरात.)
स्प्रिंगचं टोक भोकात, कुत्रा चाकावर,
पत्रा, झाकण, चार स्क्रू.
रुसलेलाही बसला.

अंगठा दाबला.
टक.
पुन्हा.
टक.
स्वयंपाकघरातून आवाज आला: काय मोडलं?

ताटात एक वायसर उरला.
परत उघडला, परत लावला,
त्याची जागा काही सापडेना.
शालिकरामजींना दाखवला, तर हसले.
"माग खोलून जोडला तं एखादी खुंटी उरतेच.
इतके दिवस ते काय करून राहिली होती
हे मात्र कोणी सांगत नाई."

पहाटे साडेपाच, सेमिनरी हिल्सचा चढ.
तिसऱ्यावरून दुसऱ्यावर: टक.
चौथा कधी धरतो, कधी विचार करत बसतो.
वायसर खिशात, सुट्ट्या पैशांत.
माथ्यावर थांबले नाही, दम नव्हता असं नाही,
थांबायचं लक्षातच राहिलं नाही.

उतारावर, वळणापाशी,
एक खरा कुत्रा मागे लागला, सगळे दात शाबूत,
आणि मी अंगठा दाबला.