चौकोन डोक्यावर बसत नाही

फळ्यावर मी बाण काढले होते :
समस्या, उद्दिष्ट, रचना, वापर, तपासणी,
आणि शेवटचा बाण वळवून
पुन्हा पहिल्यापाशी आणला होता.
एमबीएच्या दुसऱ्या वर्षानं ते वळण
पट्टी लावून वहीत उतरवलं.
लोमेशनं विचारलं, सर, हे किती मार्काला?

म्हणून शनिवारी साकोलीहून काळीपिवळीत बसलो,
उतरलो तलावाच्या पारीवर,
जिथं सोसायटीची मासळी
साडेपाचला काट्यावर चढते.

भागरता नान्हे टोपली घेऊन सात गावं करते.
तिची अडचण पोरांनी फॉर्मवर लिहिली :
शीतसाखळीचा अभाव.
वाचून दाखवली तेव्हा
तिनं मागं वळून पाहिलं,
कोणाबद्दल बोलताहेत म्हणून.

पहिली टोपली थर्माकोलची, सुबक.
चौकोन डोक्यावर बसत नाही
हे आमच्या एकाही तक्त्यात नव्हतं.
दुसरी गोल, आतून पत्रा, बर्फाला कप्पा.
बारा दिवस नेली तिनं.
तेराव्या दिवशी वर्गाच्या दारात आणून ठेवली,
परकर पाठीपर्यंत भिजलेला.
"बेस हाय जी. पन झाकन लावलं
का मासोरी दिसत नाही.
अन् दिसली नाही तं कोन घेते?"

वेणू कापगतेनं अहवालात लिहिलं : रचना नापास.
त्याखाली, बारीक अक्षरात : आम्हीपण.
मी लाल पेन उघडलं
आणि टोपण परत लावलं.

मग कोणी फारसं बोललं नाही.
पोरं तिच्यामागं चालली, नुसती चालली,
ओल्या पळसपानांचे थर मोजत,
दर गावाच्या वेशीवर
फिजिक्सवाल्यांचा थर्मामीटर खुपसत.
पानं जे करत होती
त्याला आमच्याकडं शब्द होता, आकडा नव्हता.

तिसरी बुरडाकडं विणून घेतली.
अर्धं झाकण, पळसाला खाच, पाण्याला नळी.

बाहेरचे परीक्षक म्हणाले, टोपलीच आहे ही.
यात संशोधन काय?
लोमेश उभा राहिला. घसा खाकरला.
"सर, नळी डावीकडं आहे.
त्या उजव्या हातानं तोलतात."
परीक्षकांनी चहा संपवला.
दोन मार्क कमी दिले.

काल बाजारात भागरता भेटली.
टोपली डोक्यावर, पाठ कोरडी.
मी विचारायच्या आतच म्हणाली,
"सारा रस्ता कानाजवर टपटप करते जी,
कोनी मांगं चालल्यावानी."