हजारामागे एक

शिकागोत ऑक्टोबर. उजाडायच्या आत
हालिना व्रूबेल घड्याळाला आकाश दाखवते,
हात उंच, मनगट उताणं,
कडेवरच्या पोराला चांदोबा दाखवावा तसं.
तीन उपग्रह सापडले, मग पाच,
मग हिरवा ठिपका. निघाली.

अडतीस वर्षं तिनं याच रस्त्यांवर बस चालवली,
वळणं खांद्यांना पाठ आहेत.
पण काचेच्या इमारतींत शिरलं की
घड्याळ बावचळतं.
वरून आलेली हाक एका काचेवर आपटते,
मग समोरच्या,
वळसा घेऊन उशिरा मनगटाशी पोचते,
आणि उशिराला ते लांब समजतं.
संध्याकाळी नकाशा उघडावा तर
बाई बँकेच्या भिंतीतून आरपार गेलेली,
वकिलांच्या कचेरीत दोन चकरा मारलेल्या,
आणि पूल सोडून थेट नदीवरून
एकशेचाळीस मीटर,
पाय न भिजवता.

शर्यतीत दहाचे दहा पूर्णांक एकतीस भरले.
"तुमचा रस्ता लांब आहे," ती काझिमिरला म्हणाली.

काझिमिर रस्ते मोजतो. सायकलनं.
पुढच्या चाकाला वेढे मोजणारी छोटी डबी,
भल्या पहाटे, मागे पोलिसांची गाडी,
वळणाच्या आतल्या कडेला जवळजवळ घासून.
त्याआधी पोलादी फीत अंथरून
चाकाचीच परीक्षा.
थंडीत फीत आखडते, उन्हात टायर फुगतो,
दोघांचे रुसवेफुगवे तो वहीत मांडतो.
आणि एवढं करून शेवटी
हजारामागे एक मीटर वर घालतो,
कमी भरू नये म्हणून.
मापात पाप नको,
त्याच्या भाषेत याला काय म्हणतात कोण जाणे.

"म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही."
"नाही," काझिमिर हवेचा पंप गुंडाळत म्हणाला,
"पण मी किती चुकतो ते मला माहीत आहे.
त्याला विचारून बघा."

हालिनानं विचारलं नाही.

परवा मंगळवारी ती खालच्या रस्त्यानं गेली,
रस्त्याखालचा रस्ता, जिथे दिवसाही पिवळे दिवे
आणि वरून ट्रकांचा गडगडाट.
सहाव्या खांबापाशी
छातीत काहीतरी बसच्या जुन्या दारासारखं अडकलं.
ती कठड्यावर टेकली.
खांबाला हात लावला, तो गार होता, बरं वाटलं.
एक माणूस पुठ्ठ्यावरून उठून म्हणाला, "पाणी?"
ती नको म्हणाली. मग घेतलं.

वर आल्यावर घड्याळानं
जिथे हरवलं आणि जिथे सापडलं
ते दोन बिंदू पट्टी धरल्यासारखे जोडून टाकले.

स्टेंट बसवल्यापासून
मिलवॉकीहून लेक रोज रेघ तपासते.
रात्री डोरोताचा फोन.
"एवढी सरळ रेघ, आई,
आणि साडेअकरा मिनिटं?"

"खाली सिग्नल नव्हता," हालिना म्हणाली.

आणि ते खरंच होतं,
हजारामागे एक सोडलं तर.