वरची बाजू

मुहर्रकमध्ये, हलव्याच्या दुकानाला खेटून माझा गाळा.
केशराचा वास आणि लाकडाचा भुसा
दिवसभर एकाच नाकाने घेतो मी.
बद्रियाबाईंची चित्रं एकोणीस वर्षं माझ्याकडेच येतात.
खिळे बारीक, काच नको, घाई नको.

पहिलं आलं तेव्हा विचारलं होतं,
बाई, हे धरायचं कसं?
राखाडीवर राखाडी, मध्ये एक फट,
फटीत थोडा पिवळा, वात खाली केलेल्या कंदिलासारखा.
त्या हसल्या. माझ्या कानावरची पेन्सिल मागितली
आणि कापडाच्या पाठीवर एक बाण काढला.
वर.
तेव्हापासून प्रत्येकाच्या पाठीवर बाण.
चित्र मला कळत नसे, बाण कळायचा.
लोक पुढून बघतात. माझा संसार पाठीशी.

दाभोळहून फोनवर खैरुन विचारायची,
काढते तरी काय ती बाई?
मी म्हणायचो, ओहोटी.
कधी म्हणायचो, भिंत. भिंतीवरचं ऊन.
एकदा म्हणालो, काहीच नाही काढत, आणि ते एवढं मोठं आहे
की दारातून जाईना, तुलबहादुरने चौकट उचकटली.

माणूस म्हणून कुठे नव्हता.
"तरुणपणी काढायचे," चहा पिताना एकदा म्हणाल्या,
"मोत्यांचे पाणबुडे. कमरेला दोरी, नाकाला चिमटा.
सगळे म्हणायचे, वा, ओळखू येतात.
म्हणूनच पुसून टाकले."
एवढंच. चहा संपला.

या जुलैत जे आलं ते लहान.
हातभर लांब, वीतभर रुंद.
पांढुरक्यावर एक आकृती, तपकिरी, तीन-चार फटकाऱ्यांत.
डोकं म्हणजे ठिपका. नाक नाही, डोळे नाहीत.
एक कोपर दुमडलेलं, बाकी सरळ रेघ.
मागे फिरवून बघितलं. बाण नव्हता.
म्हटलं, आता कशाला लागतोय?
माणसाला वर-खाली कळतं की.
डोकं वर, पाय खाली. चौकट ठोकली, कडी लावली,
टांगला भिंतीला. उभा राहिला.
हात कपाळाशी, लांबून येणारी बोट बघत असल्यासारखा.
मला आवडला. खरं सांगतो,
चित्रासमोर बसून डबा मी पहिल्यांदाच खाल्ला.

बाई आल्या, काठी टेकत. बघत राहिल्या.
मग दोन्ही हातांनी त्याला खाली घेतलं
आणि आडवं धरलं.
"झोपलाय तो."

उन्हाळ्यात बारा ते चार बाहेरचं काम बंद असतं.
त्यांच्या खिडकीखाली नवी इमारत, अर्धी.
भिंतीच्या सावलीत पुठ्ठे टाकून निजतात सगळे,
सावली सरकते तसे झोपेतच सरकतात.
कोपर डोळ्यांवर.
"तोंड दिसतच नाही," बाई म्हणाल्या, "मग काढू कुठून?
इतकी वर्षं वाटायचं, माणूस काढायचा म्हणजे तोंड काढायचं."

मी बोललो नाही.
इथे आलो त्या साली हिद्दच्या गोदीवर होतो मी.
अडीच वर्षं. फ्रेमबिम नंतर.
असंच कोपर. अगदी असंच.
घरी फोटो पाठवायचा तेव्हा मात्र उभा राहायचो,
कुणाच्या तरी गाडीला टेकून.

कडी काढली, लांब बाजूला लावली.
आधीची दोन भोकं उघडी राहिली.
लांबी भरू का, विचारलं.
"असू दे," म्हणाल्या.
कानावरची पेन्सिल काढून पुढे केली.
घेतली नाही. हनुवटीने खूण केली,
तूच काढ.

एकोणीस वर्षांत बाण मी कधी काढला नव्हता.
हात हलला. टोक जरा वाकडं आलं.
साडेतीन वाजले होते.
त्यांना अजून अर्धा तास होता.