विंगेत

बस चुकली म्हणून मी त्या हॉलमध्ये जाऊन बसले.
एवढंच.
आता कुणी विचारलं तर मी त्याला आवड म्हणते,
पण खरं म्हणजे साडेपाचची गिरणारे
माझ्या डोळ्यांदेखत गंगापूर रोडनं निघून गेली
आणि पुढची पावणेआठला होती.

हॉलमध्ये पंखा नव्हता, एकांकिका होती.
तिसऱ्या वर्षाचा निकुंभ नावाचा एक मुलगा
स्वतःचेच केस ओढत ओरडत होता.
माझ्याकडे न बघताच त्यानं फाइल पुढे केली,
"वाचता येतं ना? मग धर.
कुणी अडलं की शब्द दे."

शब्द दे!
जसा काही माझ्याकडे साठा होता.
वर्षभर मी हजेरीला "येस सर" इतकं हळू म्हणायचे
की पगारे सर चष्मा वर करून
बाक रिकामा आहे का ते बघून घ्यायचे.

कुजबुजणं मात्र मला येत होतं.
वडील सातपूरला रात्रपाळी करून दिवसा झोपायचे,
आम्ही तिघी बहिणी कुजबुजतच वाढलो,
भांडलोसुद्धा कुजबुजत.

महिनाभरात कळलं
की सगळी माणसं एकसारखी विसरत नाहीत.
दुशिंग विसरला की कान खाजवतो.
आयमन घाईत पुढचंच वाक्य बोलून मोकळी होते,
मग तिला मागे आणायला मी धावते, बसल्या जागी.
आणि सुरगाण्याची हर्षला भोये
विसरतच नाही. ती थांबते.
विहिरीत पोहरा सोडून
पाण्याला लागल्याचा आवाज ऐकावा, तशी.

फाइलच्या समासात मी पेन्सिलनं लिहून ठेवलं,
कान. धाव. थांब.

तालीम संपली की मिसळ.
जादा पावाचे पैसे कुणी द्यायचे यावर
एकांकिकेपेक्षा मोठं नाटक व्हायचं,
आणि त्या गोंधळात कुणीतरी रश्श्याची वाटी
माझ्यापासून लांब सरकवायचं,
"हिला तिखट नको रे, आपला घसा आहे तो."
आपला.
मी पाव चावत राहिले, बराच वेळ.

मग स्पर्धेचा दिवस. कलामंदिराची विंग,
काळ्या पडद्याला धुळीचा वास,
पायाशी वायरी.
शेवटचा प्रवेश. हर्षला एकटी,
हातात मुलाचा जेवणाचा डबा.
आणि ती थांबली.

समोर कुणीतरी खोकलं.
पलीकडच्या विंगेतून निकुंभ हात नाचवत होता, दे, दे!
दुशिंगनं माझा दंड दाबला.
वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं,
नुसते ओठ उघडायचे होते.

मी तिच्या पायांकडे बघितलं.
विसरलेल्या माणसाचे पाय आधी हलतात.
हिचे अंगठे फळीत रुतलेले होते.
मी फाइल मिटली.

खोकणाराही गप्प झाला.
सगळं नाशिक गप्प झालं असं मला वाटलं,
निदान पहिल्या दहा रांगा तरी.
मग तिनं डबा खाली ठेवला
आणि बोलली.

बक्षीस मिळालं ते नेपथ्याला, उत्तेजनार्थ.
निकुंभ बाहेर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही,
मग चहाच्या गाडीपाशी म्हणाला,
"तुला कळलं कसं पण?"
मला सांगता आलं नाही. अजून येत नाही.

शेवटची बस केव्हाच गेलेली.
वडील पाळी बदलून स्कूटर घेऊन आले होते,
कानाला मफलर, माझ्यासाठी आईचा स्वेटर.
सोमेश्वर मागे पडलं, दिवे संपले, थंडी सुरू झाली.
मान न वळवता त्यांनी विचारलं,
"नाटकात तुझं काम काय होतं गं?"

"एकदा गप्प बसले."
वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं नाही.
"काय?"
"गप्प बसले!" मी ओरडले,
इतक्या जोरात की कुठल्याशा द्राक्षबागेतून
एक कुत्रं भुंकत आमच्यामागे धावलं.

"बरं," ते म्हणाले,
आणि कुत्रं मागे असूनही
स्कूटर जराशी हळू केली.